पेढा-बर्फी

डोहाळजेवणात, होणारे बाळ मुलगा की मुलगी याचा अंदाज बांधण्याचा खेळ. महाराष्ट्रात तो बहुतेक ठिकाणी खेळतात. इथे विचार नाशिक जिल्ह्यापुरता.

पाटावर दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. हिरवी साडी नेसलेली, फुलांचे दागिने घातलेली गरोदर स्त्री त्यातली एक उघडते. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बर्फी निघताच एखादी मावशी लगबगीने म्हणते, ‘पहिली बेटी, धनाची पेटी!’ पेढ्याच्या वेळी म्हण लागत नाही, नुसता गलका होतो. बाळंतपणानंतर फोनवरचा पहिला प्रश्नही तोच असतो : ‘पेढे की बर्फी?’

हा खेळ निरुपद्रवी आहे; सोनोग्राफीने केलेले गर्भलिंगनिदान तसे नाही. त्याला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. सोनोग्राफी केंद्रांच्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी सक्तीची झाली. तरी नाशिक जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे २००१ साली ९२० मुली होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९० वर आल्या.

पेढ्याच्या ओढीची मुळे जमिनीत आणि गोदाकाठी सापडतात. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग म्हणजे पिढ्यांची कमाई. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा राज्याने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. पण बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करून साडी-चोळी घेऊन सासरी परतायचे, हा रिवाज अजून सुटलेला नाही. जी हिस्सा मागते तिचे माहेर तुटते, असे बायाच एकमेकींना बजावतात. दुसरीकडे रामकुंडावर पिंडदानाला मुलगा लागतो, ही समजूत. लेकींनी अग्नी दिल्याचे आता अधूनमधून ऐकू येते. त्र्यंबकेश्वरी संततीसाठी नारायण नागबळी हा तीन दिवसांचा विधी करतात.

मुलगाच हवा, असे शहरात उघड कोणी म्हणत नाही. ‘एक मुलगा, एक मुलगी, चौकोनी कुटुंब’ असे म्हणतात, आणि त्यात खोटे काही नसते. पहिल्या लेकीचे कौतुक मनापासून होते. सरकारही ‘लेक लाडकी’ योजनेत (२०२३) पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेच्या घरांतील मुलीला अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये देते.

डोहाळजेवण मात्र बहुधा पहिलटकरणीचेच होते. त्यामुळे वाटीतून काय निघते याचा कोणाला धाक नसतो. पदरात एक मुलगी असताना पुन्हा दिवस राहिले, की घरात वाट्या मांडायला कोणी बसत नाही.