संत्र्याचा रस, कोहळ्याचा ब्रेड आणि चमचाभर सोडा

कोजागिरी आटोपली की नागपूरच्या भाजीबाजारात दोन केशरी रंग शेजारी शेजारी येऊन बसतात. एक आंबिया बहाराच्या संत्र्यांचा, देठाकडे अजून हिरवट असलेला. दुसरा चिरून ठेवलेल्या कोहळ्याच्या फाकांचा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आम्ही कोहळं म्हणतो तो तुमचा लाल भोपळा. ज्याचा पेठा करतात ते पांढरं कोहळं निराळं.

याच दिवसांत मोबाइलवर अमेरिकेतल्या ‘पम्पकिन ब्रेड’च्या पाककृतींचा पूर येतो. तिकडे पानगळीचा हंगाम म्हणजे भोपळ्याचा हंगाम. नावात ब्रेड असला तरी त्याला यीस्ट लागत नाही, कणीक तिंबावी लागत नाही, पीठ आंबायची वाट पाहावी लागत नाही. भज्याच्या पिठापेक्षा जरा घट्ट पीठ भिजवायचं, सोडा घालायचा, ओव्हनमध्ये ठेवायचं. माझ्या पुतणीने यंदा तो करून आणला. मूळ पाककृतीत एक कप ताक होतं, त्याऐवजी तिने अर्धा कप संत्र्याचा रस घातला. नागपुरात राहून ताक कशाला, असा तिचा विचार. आणि नीट फुगावा म्हणून चहाचा चमचा शीग लावून सोडा.

रंग सुरेख तपकिरी आला होता, वासही छान होता. पहिला घास घेतला आणि जिभेवर साबण फिरवल्यासारखं झालं. मधोमध ब्रेड खचलाही होता. “काका, संत्र्याच्या रसाने सोडा मरायला हवा होता ना?” असं तिने विचारलं. मी वर्षानुवर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण इतका चांगला प्रश्न वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल.

आधी रोगनिदान. कोमट पाण्यात हळद कालवून पांढऱ्या कागदावर फासली आणि कागद पंख्याखाली वाळवला. हा झाला हळदीचा कागद, आठवी-नववीच्या प्रयोगातला दर्शक. हळदीतलं कुर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत, म्हणजे सोड्यासारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, तांबडं होतं. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, तो याचमुळे. ब्रेडचा चिमूटभर चुरा ओला करून कागदावर दाबला. अर्ध्या मिनिटात त्याच्या कडेने विटकरी लाल वर्तुळ उमटलं. ब्रेडमध्ये अल्कली शिल्लक होती, आणि ती थोडीथोडकी नव्हती.

आता तिच्या प्रश्नाकडे येऊ. संत्र्याच्या रसाने सोडा मरतो हे खरंच आहे. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आम्ल भेटलं की कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि एक निरुपद्रवी क्षार तयार होतो. रसातल्या सायट्रिक आम्लाशी गाठ पडली तर सोडियम सायट्रेट. प्रश्न आहे तो किती रसाने किती सोडा मरतो याचा, आणि इथे आपली जीभ आपल्याला फसवते.

सोड्याचा रेणुभार ८४. सायट्रिक आम्लाचा १९२, पण त्याच्या एका रेणूत सोड्याला देता येतील असे तीन हायड्रोजन असतात. म्हणजे ६४ ग्रॅम आम्ल ८४ ग्रॅम सोड्याला पुरतं. चहाचा चमचाभर सोडा साधारण ५ ग्रॅम. तो पूर्ण मारायला ३.८ ग्रॅम सायट्रिक आम्ल हवं. पिकलेल्या संत्र्याच्या रसात आम्ल किती? साधारण अर्धा ते एक टक्का. मधला आकडा ०.७ टक्के धरला तर लागणारा रस होतो जवळजवळ ५४० मिलिलिटर! नऊ-दहा संत्री पिळावी लागतील. पुतणीने घातला होता १२० मिलिलिटर. त्याने जेमतेम एक ग्रॅम सोडा मेला असेल. कोहळं आणि गूळ किंचित आम्लधर्मी असतात, त्यांनी आणखी थोडा. बाकी सगळा ब्रेडमध्येच राहिला.

यावर हमखास येणारी शंका अशी: संत्र्याच्या रसाचा पीएच (आम्लता सांगणारा आकडा, जितका कमी तितकी आम्लता तीव्र) साडेतीन-चारच्या आसपास असतो, म्हणजे तो चांगलाच आम्ल आहे, मग कमी कसा पडतो? पीएच सांगतो तो रसात या क्षणी सुटे फिरणारे हायड्रोजन आयन किती आहेत ते. सायट्रिक आम्ल दुर्बळ, ते आपले बहुतेक हायड्रोजन धरून ठेवतं आणि सोडा भेटेल तसतसे सोडतं. नळाला धार किती जोरात येते यावरून गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरलंय ते कळत नाही, तसंच हे. सोडा सबंध टाकी रिकामी करतो. त्यामुळे ब्रेडचा हिशोब करताना टाकी मोजायची, धार नाही. प्रयोगशाळेत हे मोजण्याला अनुमापन म्हणतात, ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून. घरी हळदीच्या कागदावर अगदी ढोबळ का होईना, करता येतं. वाटीभर रसात सोडा चिमूट चिमूट टाकायचा, फेस बसू द्यायचा, चमच्याने एक थेंब कागदावर. पिवळा, पिवळा, पिवळा, आणि मग एका चिमटीला तांबूस कडा. मी शंभर मिलिलिटर रसावर करून पाहिलं. पाव चमच्याच्या आतच कड तांबूस झाली.

रसातली साखरही आम्लाची चव झाकते, त्यामुळे जिभेवर भरवसा ठेवून चालत नाही. कागदी लिंबाचा रस याच्या उलट टोकाला. त्यात सहा-सात टक्के आम्ल, म्हणून तोच चमचाभर सोडा साधारण ६० मिलिलिटर लिंबाच्या रसात मरेल. ताकातलं लॅक्टिक आम्ल एका रेणूमागे एकच हायड्रोजन देतं, त्यामुळे आंबट ताकाचा एक कपही अर्ध्या चमच्याच्या आसपास सोड्यालाच पुरतो. म्हणजे ताकाच्या जागी रस घेणं ही पुतणीची चूक नव्हतीच. मिलिलिटराला मिलिलिटर दोघांची ताकद जवळपास सारखी. तिने माप निम्मं केलं आणि सोडा शीग लावून घेतला, तिथे गाडी घसरली.

मग न मेलेल्या सोड्याचं काय होतं? तो ओव्हनमध्ये तापतो आणि स्वतःच फुटतो. दोन रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचा एकच रेणू सोडतात, सोबत पाणी, आणि मागे उरतं सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. आम्लाने मेलेला ५ ग्रॅम सोडा खोलीच्या तापमानाला जवळजवळ दीड लिटर वायू देतो. नुसत्या उष्णतेने फुटलेला देतो त्याच्या निम्मा, पाऊण लिटरच्या आत. फुगायला हवा म्हणून सोडा वाढवला की प्रत्येक जादा ग्रॅममागे वायू निम्माच मिळतो आणि वर धुण्याचा सोडा पदरात पडतो. पुतणीच्या ब्रेडमध्ये चार ग्रॅम सोडा असा फुटला असं धरलं तर अडीच ग्रॅम धुण्याचा सोडा. साबणाची चव ती. तो गडद तपकिरी रंगही त्यातलाच, कारण साखर आणि प्रथिनं यांच्यातली भाजताना होणारी मायलार्ड अभिक्रिया अल्कलीत वेगाने होते. चणे-डाळ लवकर शिजावी म्हणून त्यात सोडा टाकणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की अल्कलीत ब जीवनसत्त्वांपैकी थायमिन नष्ट होतं.

इथे एका गोष्टीवर बोलल्यावाचून राहवत नाही. सोडा आणि लिंबू पाण्यात घालून रोज प्या, शरीर ‘अल्कलाइन’ होतं, कर्करोग बरा होतो, असे संदेश घराघरांत फिरतात. वर लिहिलेलं समीकरण पुन्हा पाहा. ग्लासात फेस आला तिथेच सोडा आणि आम्ल एकमेकांना मारून मोकळे झाले, पोटात जातं ते सायट्रेटचं पाणी. नुसता सोडा प्यायलात तरी जठरातलं आम्ल त्याला गाठतं. आणि रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस राखत असतात. ग्लासभर पाण्याने तो बदलत नाही, आणि बदलला तर माणूस बरा होणार नाही, अतिदक्षता विभागात जाईल. अशा पाण्याच्या भरवशावर उपचार लांबवणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून इतकं कळकळीने लिहितो.

ब्रेड मधोमध का खचला, हे आता. सोडा पिठात बुडबुडे निर्माण करतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो आधीपासून असलेले बुडबुडे फुगवतो. बुडबुड्यावर द्रवाचा पृष्ठताण आवळपट्ट्यासारखा काम करतो आणि बुडबुडा जितका लहान तितका हा दाब जास्त. जादा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. त्रिज्या एक मायक्रोमीटर असेल तर पिठासारख्या द्रवात हा जादा दाब जवळपास बाहेरच्या हवेइतकाच होतो. त्याहून लहान बुडबुड्यात आणखी जास्त. शून्यातून बुडबुडा जन्माला यायचा तर सुरुवातीला हा दाब प्रचंड, म्हणून तो जन्मतच नाही. सोडावॉटरच्या ग्लासातले बुडबुडेसुद्धा काचेवरच्या ओरखड्यात किंवा धुळीच्या कणात अडकलेल्या हवेपासूनच सुरू होतात. म्हणून अंडं, तेल आणि गूळ आधी फेटून घ्यायचं. तेव्हा अडकलेले हवेचे बारीक कण हेच वायूचं घर. ते जितके जास्त आणि जितके सारखे, तितकी जाळी बारीक. पीठ घातल्यावर मात्र हात आखडता घ्यायचा, कारण गव्हातलं ग्लुटेन घोटलं की चिवट होतं आणि ब्रेड रबरासारखा लागतो. चक्कीच्या कणकेतला कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो, त्यामुळे या ब्रेडला मैद्याइतकीच, माझ्या मते जास्तच, कणीक शोभते.

वायूने घर फुगवलं तरी भिंती पक्क्या व्हायला हव्यात. त्या पक्क्या होतात अंड्याची प्रथिनं गोठली आणि पिठातला स्टार्च पाणी शोषून फुलला की. साखर-गूळ स्टार्चचं हे फुलणं वरच्या तापमानाकडे ढकलतो, म्हणजे बुडबुड्यांना वाढायला वेळ मिळतो. पण वायू फार झाला तर भिंती पक्क्या होण्याआधीच बुडबुडे एकमेकांत मिसळतात, वर येऊन फुटतात आणि मध्य बसतो. आम्ल आणि सोडा ओल्या पिठात भेटल्याबरोबर वायू सुटायला लागतो, त्यामुळे ओव्हन आधी तापवून ठेवायचा आणि पीठ ताटकळत ठेवायचं नाही. दुहेरी बेकिंग पावडरमध्ये सोड्यासोबत दोन आम्लं असतात, त्यातलं दुसरं उष्णता मिळाल्यावरच जागं होतं, म्हणून तिला ही घाई लागत नाही.

कोहळ्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेत डब्यात मिळणारा बहुतेक पम्पकिन कुकुर्बिटा मोशाटा याच प्रजातीचा असतो आणि आपलं कोहळंही तीच. मूळ घर दोघांचंही अमेरिका खंड. डब्यातला गर मात्र आटवलेला असतो. आपलं कोहळं उकडलं की पाणी सोडतं, म्हणून वाफवून, कुस्करून तासभर फडक्यात टांगून ठेवायचं. रंगाची काळजी नको. हळद रंग बदलते तसं कोहळ्याला केशरी रंग देणारं बीटा कॅरोटीन आम्ल-अल्कलीत रंग बदलत नाही.

संत्र्याचं तसं नाही, तिथे सांभाळावं लागतं. वास सगळा सालीतल्या तेलाच्या बारीक पिशव्यांत असतो, रसात फारच थोडा. आपल्या संत्र्याची साल सैल, किसणीवर सरकते. सोललेली साल उलटी धरून आतला पांढरा भाग चमच्याने खरवडायचा, केशरी पापुद्रा बारीक चिरून गुळात चोळायचा. दुसरं म्हणजे कडवटपणा. ताज्या रसात कडू नसलेला एक पदार्थ असतो. रस काढल्यावर आम्लामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, जे कडू असतं, आणि तापवलं की हे लवकर होतं. बियांमध्ये त्याचा साठा मोठा. म्हणून मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नका. हाताने पिळा आणि लगेच वापरा.

दुसऱ्या खेपेला आम्ही असं केलं: २५० ग्रॅम कणीक, २०० ग्रॅम निथळलेलं कोहळं, १०० मिलिलिटर रस, १५० ग्रॅम गूळ, १०० मिलिलिटर तेल, दोन अंडी, एका संत्र्याची साल. सोडा पाव चमच्याहून किंचित कमी, म्हणजे रसाला पेलेल तेवढाच. उरलेलं फुगवण्याचं काम एक चमचा बेकिंग पावडरीवर सोपवलं. तिच्यात सोड्याला पुरेल इतकं आम्ल आधीच मोजून घातलेलं असतं. १७५ अंशांवर तासाभराच्या आत ब्रेड झाला. रंग पहिल्यापेक्षा फिका, कोहळ्यासारखा पिवळसर केशरी. ओला चुरा हळदीच्या कागदावर ठेवला, कागद पिवळाच राहिला. कापला मात्र दुसऱ्या दिवशी, कारण रात्रभरात ओल सगळीकडे सारखी होते आणि सालीचं तेल आत मुरतं.

पुतणी आता आईच्या कोहळ्याच्या बोंडांच्या मागे लागली आहे. त्यात कोहळं, गूळ, कणीक आणि चिमूटभर सोडा, आंबट काहीच नाही. तिचं म्हणणं, दोन चमचे दही घातलं तर त्याच चिमटीतून जास्त वायू निघेल. हिशोब तिच्या बाजूने आहे. आई तयार नाही.