ऑक्सिजन संपल्याचे मुळाला कसे कळते?

शेतात पाणी साचून राहिले की भर पाण्यात उभे असलेले पीक माना टाकते. हे विचित्र दिसते, पण त्याचे कारण मुळांशी आहे. वाफशावर असलेल्या जमिनीत मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा खेळत असते. त्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन मुळापर्यंत पोहोचणे जवळजवळ थांबते, कारण पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. मग मुळाच्या पेशींत आम्लता वाढते, पेशीपटलांतील पाण्याची दारे मिटतात आणि पाण्यात बुडालेल्या मुळाला तेच पाणी शोषता येत नाही.

ऊर्जेची टंचाई त्याहून बिकट असते. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, सुमारे 30 रेणू मिळतात, तर किण्वनातून, म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखर मोडून, अवघे 2. तरीही तग धरण्यासाठी किण्वनाची एन्झाइमे बनवावीच लागतात, आणि त्यांची जनुके वेळेवर चालू करणारी व्यवस्था मला या साऱ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

त्या जनुकांना जागे करणारी प्रथिने पेशी एरवीही सतत बनवत असते. त्यांच्या टोकाचे पहिले अमिनो आम्ल, मेथिओनिन, छाटले जाते आणि त्यामागचे सिस्टीन उघडे पडते. ऑक्सिजन असेल, तर एक एन्झाइम तो या सिस्टीनला जोडते. त्यावर पुढे आर्जिनिन चढते आणि अशी खूण पटलेले प्रथिन पेशीतील विघटनयंत्रणेत मोडीत निघते. ऑक्सिजन नसेल, तर खूण पटत नाही, प्रथिन शाबूत राहते आणि पेशीकेंद्रकात साठून किण्वनाची जनुके चालू करते. 2011 मध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या वनस्पतीत हे उलगडले. बनवायचे आणि मोडायचे, हा वरवर अपव्यय वाटतो. पण निरोप्या आधीच हजर असल्यामुळे ऐन टंचाईत त्याला नव्याने घडवण्याची वाट पाहावी लागत नाही.

वनस्पतीतच तयार होणारा इथिलीन वायूही इथे मदतीला येतो. पाण्यामुळे तो मुळाबाहेर निसटू शकत नाही, आतच साठतो, आणि मक्यासारख्या पिकात मुळाच्या सालीतील काही पेशींना ठरवून मरायला लावतो. त्यांच्या जागी पोकळ नळ्या तयार होतात व खोडाकडून हवा खाली उतरते. भात मात्र हे काम पाणी येण्याआधीच करून ठेवतो.

भाताच्या काही वाणांत किण्वनाची जनुके चालू करणाऱ्या त्याच प्रथिनकुळातील सब-1-ए हे जनुक आहे. त्याचे प्रथिन मात्र वरच्या विघटनातून सुटते. पूर्ण बुडालेल्या रोपाची उंच होण्याची धडपड ते रोखते, साखर शिल्लक ठेवते आणि रोप सुमारे दोन आठवडे जिवंत राहू शकते. ते 2006 मध्ये ओळखले गेले, आणि त्याच्या आधारे तयार केलेला ‘स्वर्णा-सब1’ हा वाण 2009 मध्ये भारतात प्रसारित झाला. मका किंवा गव्हाकडे हे जनुक नाही, म्हणून तिथे संशोधकांना दुसरे टोक पकडावे लागते: बार्लीत, खूण पटलेली प्रथिने मोडीकडे पाठवणाऱ्या एका जनुकाचे काम मंदावले, तेव्हा रोपे साचलेल्या पाण्यात अधिक चांगली टिकली.