वळीवडे छावणी आणि पोलिश कुटुंबांचे स्थलांतर

कोल्हापूरजवळ, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत वळीवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे येथे राहिली. त्यांत बहुसंख्य बायका, मुले आणि म्हातारी माणसे. महाराष्ट्रात ही हकिकत बहुधा ‘आपण आसरा दिला’ एवढ्यावर संपते. त्या कुटुंबांच्या लेखी मात्र वळीवडे हा तीन-चार पिढ्या चाललेल्या वाटचालीतला एक मुक्काम होता, आणि ती वाटचाल दुसऱ्या महायुद्धाच्या बरीच आधी सुरू झाली होती.

१९२०च्या सुमारास सोव्हिएत रशियाशी झालेल्या युद्धानंतर पोलंडने आपल्या अनेक माजी सैनिकांना पूर्व सीमेवर, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेन व बेलारूसच्या भागात, जमिनी दिल्या. एका युद्धाचे बक्षीस म्हणून मिळालेली ही जमीन पुढच्या युद्धात मुळावर आली. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत संघाचे लाल सैन्य पोलंडमध्ये शिरले आणि १० फेब्रुवारी १९४० रोजी सामूहिक हद्दपारीची पहिली लाट आली, ती मुख्यतः याच वसाहतकऱ्यांवर आणि वनखात्याच्या नोकरांवर. ऐन थंडीत, रात्री दार ठोठावून, हाताला लागेल ते घेऊन निघायला लावले गेले. मालगाडीच्या डब्यात एक शेगडी आणि शौचाला फळीत पाडलेले भोक, एवढ्यावर आठवडेच्या आठवडे प्रवास झाला. उत्तर रशिया व सायबेरियात लाकूडतोड, आणि एप्रिलच्या दुसऱ्या लाटेत गेलेल्यांना कझाकस्तानची शेते वाट्याला आली.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि चित्र पालटले. लंडनमध्ये आश्रय घेतलेले पोलिश सरकार व मॉस्को यांच्यातल्या करारानंतर हे बंदिवान सुटले. जनरल आंदर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहू लागली. १९४२ मध्ये ही फौज कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली, तेव्हा तिच्यामागोमाग हजारो बायका-मुलेही आली. फौजेतले पुरुष पुढे इटलीत मोंते कासिनोला लढले. मागे राहिलेल्या कुटुंबांची पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान अशी पांगापांग झाली.

हिंदुस्थानात आलेल्यांबाबत एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नवानगर (आजचे गुजरातमधील जामनगर) संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी तेथील बालाचडीत आसरा दिला तो मुख्यतः अनाथ व एकट्या पडलेल्या मुलांना. वळीवडे ही कुटुंबांची वसाहत होती आणि तिचा खर्च प्रामुख्याने लंडनमधील पोलिश सरकार उचलत होते. दोन्ही कथांची सरमिसळ करून सगळे श्रेय एका दानशूर राजाच्या पदरात टाकण्याची सवय आपल्याकडे आहे. ती सोडलेली बरी.

वळीवड्याच्या लांब बराकींना चटयांच्या भिंती होत्या आणि वर कौले. पण प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळ्या खोल्या आणि स्वतःचे स्वयंपाकघर होते. सामुदायिक कढईतले वाढून घेत दोन-तीन वर्षे काढलेल्या बाईला आपल्या हाताने शिजवून आपल्या मुलांना वाढता येणे ही साधी बाब नव्हती. शाळा, चर्च, इस्पितळ, नाट्यगृह, बालवीर पथके असे सगळे येथे होते. क्षयाच्या रुग्णांची सोय पाचगणीला होती. बाप आघाडीवर किंवा बेपत्ता, त्यामुळे घरची कर्ती आईच. मुले पोलिश शाळेत शिकली, पण ज्या देशाचा भूगोल ती घोकत होती त्या देशाच्या सीमा तोवर दोस्त राष्ट्रांच्या याल्टा परिषदेत बदलल्या होत्या.

छावणी मोडल्यावर मायदेशी परतणारे थोडेच निघाले, त्याचे कारण हेच. पूर्वेकडचे त्यांचे गाव आता सोव्हिएत संघात गेले होते आणि वॉर्सात कम्युनिस्ट सरकार बसले होते. ज्यांनी सायबेरिया भोगला त्यांनी त्या राजवटीत परत का जावे? ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसन कायदा केला, तेव्हा फौजेत असलेल्यांच्या बायका-मुलांना मुंबईहून बोटीने तिकडे जाता आले. तेथेही पहिला मुक्काम रिकाम्या लष्करी छावण्यांतच पडला. पाच-सहा वर्षांनी भेटलेला बाप मुलांना परकाच वाटला तर नवल नव्हते. बाकीच्यांतले काही ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडाकडे गेले. इंग्रजी शाळेत वाढलेल्या नातवंडांच्या घरी पोलिश बोलली जाई आणि आजीच्या आठवणींत कोल्हापूर येई.

वळीवड्याच्या मुलांनी पुढे ब्रिटनमध्ये आपली संघटना बांधली, आठवणी छापल्या, कोल्हापुरात स्मारक उभारले. वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.

छावणीची जागा फार काळ रिकामी राहिली नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींत वसवण्यात आले. त्या वस्तीचे गांधीनगर झाले, आणि लग्नाचा बस्ता बांधायला पंचक्रोशीतली माणसे आज ज्या कापडपेठेत जातात ती हीच.