ईएसआर नॉर्मल, मग डोळे कशाला तपासायचे?

आमच्या गल्लीतल्या पाच वर्षांच्या मुलीचा गुडघा दोन महिने सुजलेला. जळगावच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला आणि चिठ्ठीवर लिहिलं, दर तीन महिन्यांनी डोळे तपासा. आजी फणकारली, "डोया त चांगला शे!" वडील फाइल घेऊन माझ्याकडे. ईएसआर, सीआरपी (अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) नॉर्मल. एएनए (पेशीकेंद्रांविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) तेवढा पॉझिटिव्ह. "रक्तातच काही नाही, तर डोळ्यात काय असणार?"

उत्तर ईएसआरच्या नळीत आहे. उभ्या नळीत रक्त ठेवलं की तांबड्या पेशी खाली बसू लागतात. तासाभरात त्या किती मिलिमीटर उतरल्या, तो ईएसआर. एरवी त्या सावकाश उतरतात, कारण प्रत्येक पेशीवर ऋण भार असतो आणि त्या एकमेकींना दूर लोटतात. शरीरात दाह पेटला की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-6 नावाचा निरोप धाडतात आणि यकृत सीआरपी, फायब्रिनोजेन जास्त बनवू लागतं. फायब्रिनोजेनमुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, कळण्याच्या भाकरींची चवड लागावी तशा. चवड भराभर खाली जाते, आकडा चढतो. पण सातपुड्यातल्या सिकलसेलच्या रुग्णाच्या विळ्यासारख्या पेशींची चवड लागतच नाही. दाह असूनही ईएसआर कमी. नुसत्या रक्तक्षयात उलट, दाह नसतानाही जास्त.

आता डोळा. मुलांच्या या संधिवातात डोळ्याच्या आतही दाह होऊ शकतो, तो युव्हिआयटिस. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेमागच्या कप्प्यात पाणी जेमतेम पाव मिलिलिटर. या मुलीच्या अंगात रक्त सव्वा लिटरच्या आसपास. एवढ्याशा कप्प्यातल्या धुमसण्याची वर्दी यकृतापर्यंत पोचेलच असं नाही. शिवाय हा युव्हिआयटिस बहुधा मुका असतो: लाली नाही, दुखणं नाही. उशीर झाला की बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटून बाहुली वेडीवाकडी होते, पुढे मोतीबिंदू, काचबिंदू. डोळ्यात मध घालणं आणि दृष्ट काढणं यात जातो तो हाच वेळ. हजार रुपयांत साठ तपासण्यांचं पॅकेजही इथे तितकंच कुचकामी.

मग एएनए कशाला? काचपट्टीवर वाढवलेल्या मानवी पेशींवर रुग्णाचं सीरम टाकतात, वरून चमकणारा रंग. पेशीकेंद्रांविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर केंद्रं हिरवी उजळतात. धडधाकट मुलांतही ती सापडतात, म्हणून नेटवर वाचून लगेच 'ल्युपस' (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार) म्हणत हबकू नये (वडील हबकले होते). पण सात वर्षांच्या आत सुरू झालेला, मोजक्या सांध्यांचा संधिवात आणि त्यात एएनए पॉझिटिव्ह, म्हणजे डोळ्याला धोका जास्त. आजाराची पहिली चार वर्षं तर विशेष. म्हणून तीन महिने. आरए फॅक्टर ही संधिवाताची रक्ततपासणी या मुलांत सहसा निगेटिव्हच येते, त्यावर निर्धास्त होण्यात अर्थ नाही. पांढऱ्या पेशींतून येणाऱ्या एस100ए12 प्रथिनावर संशोधन चालू आहे, पण स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्राची जागा त्याने घेतलेली नाही.

स्लिट लॅम्पचा झोत डोळ्यात तिरपा सोडतात. कौलाच्या फटीतून आलेल्या उन्हात धुळीचे कण तरंगताना दिसतात, तशा त्या पाण्यात पांढऱ्या पेशी दिसतात.

मुलीला स्टुलावर दोन उशा देऊन बसवलं, हनुवटी टेकवली. डाव्या डोळ्यात पेशी तरंगत होत्या. स्टिरॉइडचे थेंब त्याच दिवशी सुरू झाले. बाहुल्या मात्र दोन्ही अजून गोल होत्या.