जुनी रेसिंग सायकल पुन्हा उभी राहते ती कशामुळे

जुनी रेसिंग सायकल समोर आली की जाणकार माणूस आधी रंग आणि स्टिकर बघत नाही. तो सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, बाहेर काढतो आणि कॅलिपर लावून तिचा व्यास मोजतो. २७.२ मिलीमीटर भरला की त्याचा चेहरा खुलतो. इंग्लिश मापाच्या फ्रेमची सीटट्यूब बाहेरून २८.६ मिलीमीटर असते. तिच्यात २७.२ ची दांडी बसते, याचा अर्थ नळीची भिंत एक मिलीमीटरपेक्षाही पातळ आहे, आणि इतकी पातळ नळी साध्या पोलादाची करत नसत. दांडी २६ च्या आसपास निघाली तर नळी जाड आणि सायकल बहुधा स्वस्तातली. फ्रेंच फ्रेमला मात्र हा नियम लावू नये. तिची नळी मुळातच २८ मिलीमीटरची, त्यामुळे उत्तम फ्रेंच फ्रेममधूनही २६.४ ची दांडी निघते. हे ठाऊक नसलेला माणूस चांगली प्यूजो ही फ्रेंच सायकल हलक्या दर्जाची समजून सोडून देतो.

शर्यतीच्या जुन्या सायकली हुडकायच्या, शेवटच्या छर्‍यापर्यंत खोलायच्या आणि पुन्हा जोडून रस्त्यावर आणायच्या, हा छंद युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये चांगलाच रुजला आहे. त्याला जुन्या वस्तूंचं वेड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते अपुरं वाटतं. हा छंद मुळात शक्य झाला तो या सायकली ज्या रीतीने घडल्या त्यामुळे. साधारण १९३५ ते १९८५ या काळातल्या रेसिंग सायकलीचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा होतो, साफ होतो, बदलता येतो. ही सोय कुठून आली, ते समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात नळीपासून करावी लागते. बर्मिंगहॅमचे आल्फ्रेड रेनॉल्ड्स खिळे बनवणाऱ्या घराण्यातले. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट त्यांनी १८९७ साली घेतलं. फ्रेमला ताण बसतो तो सांध्यांजवळ, तेव्हा जाडी तिथेच ठेवायची आणि मधलं वजन काढून टाकायचं, हा त्यामागचा विचार. त्याच कंपनीने १९३५ साली मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ‘५३१’ ही नळी आणली आणि पुढची चाळीस वर्षं चांगल्या इंग्लिश-फ्रेंच सायकलीवर तिचं स्टिकर दिसत राहिलं. जॅग्वार ई-टाइप या मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही हीच नळी होती. इटलीत हे स्थान मिलानच्या कोलंबस नळ्यांचं.

पण खरी मेख जोडात आहे. या फ्रेममध्ये नळ्या वितळवून एकमेकींना चिकटवलेल्या नसतात. नळीचं टोक ‘लग’ नावाच्या पोलादी खोबणीत बसवायचं, तापवायचं आणि फटीत पितळ किंवा चांदीचं मिश्रण ओढू द्यायचं, म्हणजे झाळकामच. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागतात. पितळ त्याच्या किती तरी आधी, ९०० अंशांच्या आसपास वाहू लागतं, चांदीचं मिश्रण त्याहूनही आधी. म्हणून चांगला कारागीर तोच जोड पुन्हा तापवून वाकलेली नळी काढू शकतो आणि नवी बसवू शकतो. १९७६ साली आलेल्या रेनॉल्ड्स ७५३ नळीची भिंत इतकी पातळ होती की ती फक्त चांदीनेच जोडायची असे, आणि नमुन्याचा जोड तपासून घेतल्याशिवाय कंपनी कारागिराला ती विकत नसे.

सुट्या भागांचं श्रेय मोठ्या प्रमाणावर इटलीच्या तुलिओ काम्पान्योलो यांच्याकडे जातं. चाक एका खटक्यात निघावं म्हणून केलेली त्यांची क्विक रिलीजची योजना १९३० ची, कंपनी व्हिचेन्झाची, १९३३ ची. युद्धानंतर त्यांनी ग्रान स्पोर्ट हा समांतरभुज चौकटीचा मागचा गिअर आणला आणि १९६७ साली ॲल्युमिनियमचा न्यूव्हो रेकॉर्ड. या कंपनीची एक सवय आज छंदिष्टांना फार उपयोगी पडते. तिच्या कॅटलॉगमध्ये गिअरचा स्क्रू, स्प्रिंग, वॉशर अशा बारीकसारीक वस्तूंनाही स्वतंत्र क्रमांक असे आणि तो तुकडा तेवढाच विकत मिळे. सत्तरच्या दशकातला न्यूव्हो रेकॉर्ड गिअर हातात घेऊन त्याच्या वरच्या भागावर बघा: ‘पेटंट’ या शब्दापुढे दोन आकडे कोरलेले दिसतील. ७४ असेल तर तो १९७४ चा. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, चेकनटवरही असेच आकडे असतात. दोन्ही जुळले आणि फ्रेमच्या क्रमांकाशी त्यांचा मेळ बसला, की सायकल मुळात जशी होती तशीच आपल्यापर्यंत आली असं बरंचसं खात्रीने म्हणता येतं. हे आकडे जुळवण्याच्या संध्याकाळी मला या छंदातल्या सगळ्यात आवडत्या वाटतात.

आता आटे. नव्या माणसाचा धीर सुटतो तो इथे. पायडलच्या दांड्यांचा एक्सल ज्या कवचात फिरतो त्या बीबीच्या (बॉटम ब्रॅकेटच्या) कपांना इंग्लिश फ्रेममध्ये १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४ आटे असतात. त्याला बीएसए आटे म्हणतात. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, बंदुका बनवणारा कारखाना. आपल्याकडे एसएलआर सायकलीमुळे घराघरांत पोचलेलं नाव तेच. इटालियन फ्रेममध्ये व्यास ३६ मिलीमीटर आणि इंचाला २४ आटे, फ्रेंचमध्ये ३५ मिलीमीटर आणि एक मिलीमीटरचा आटा, स्विसमध्ये तेच फ्रेंच माप, पण उजव्या कपाला उलटे आटे. इंग्लिश कपालाही उजवीकडे उलटेच आटे असतात. त्याचं कारण शुद्ध यांत्रिक आहे: एक्सल ज्या दिशेने फिरतो त्याच्या विरुद्ध दिशेला छर्रे कपाला सरकवत राहतात, म्हणून उजवा कप सरळ आट्यांचा असेल तर तो चालता चालता सैल होतो. इटालियन आणि फ्रेंच कारखान्यांनी हे सोसलं आणि मेकॅनिकांनी कप जिवाच्या आकांताने आवळले. पन्नास वर्षांनी तो कप उघडायला घेतला की त्या आवळण्याची ताकद कळते. त्यात कोणते आटे हे न बघता पाना उलट्या दिशेला फिरवला, तर फ्रेम कायमची जायबंदी होते. सत्तरच्या दशकातल्या मोतोबेकान या फ्रेंच कंपनीच्या काही सायकलींना स्विस आटे आहेत, तेव्हा ‘फ्रेंच सायकल, फ्रेंच आटे’ असंही गृहीत धरता येत नाही.

हा गोंधळ मिटला तो जपानमुळे. जपानी कारखान्यांनी इंग्लिश माप उचललं, त्यांचे भाग जगभर गेले आणि १९८० च्या सुमारास फ्रेंच कारखानेही हळूहळू त्याच मापाकडे वळले. म्हणूनच ऐंशीच्या दशकातली जपानी सायकल नवशिक्यासाठी सर्वांत सोपी. तिला आजही नवा भाग दुकानातून आणून बसवता येतो.

या सायकली इतक्या संख्येने उरल्या कशा, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर अमेरिकेत आहे. १९७० नंतर तिथे दहा गिअरच्या सायकलींची अशी लाट आली की १९७३ साली दीड कोटीहून अधिक सायकली खपल्या. तेलसंकटाला याचं श्रेय देण्याची पद्धत आहे, पण ते संकट आलं १९७३ च्या ऑक्टोबरात, आणि खप त्याच्या दोन-तीन वर्षं आधीपासून चढत होता. मागणी पुरवायला युरोप आणि जपानमधून सायकली गेल्या. १९७५ मध्ये खप निम्म्यावर आला आणि थोडक्याच वापरलेल्या असंख्य सायकली घरांच्या तळघरांत जाऊन बसल्या.

नंतर उद्योगानेच पाठ फिरवली. १९८४ मध्ये लुक कंपनीचं, बूट खटक्याने अडकवणारं पायडल आणि शिमानो या जपानी कंपनीचा टकटक बसणारा गिअर आला. १९८६ साली ग्रेग लेमाँड यांनी कार्बन फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली, आणि १९९० मध्ये गिअर ब्रेकच्याच कांडीत गेले. डाउनट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर, हात नेऊन गिअर टाकायची सायकल काही वर्षांत जुनाट ठरली आणि म्हणूनच स्वस्त झाली. इंग्लंडमध्ये जुन्या सायकलींचा व्हेटरन-सायकल क्लब १९५५ पासून होता, पण सुरुवातीला त्याचं लक्ष एकोणिसाव्या शतकातल्या उंच चाकाच्या सायकलींकडे होतं. शर्यतीच्या पोलादी सायकलीला प्रतिष्ठा मिळाली ती बरीच नंतर.

त्यात मोठा वाटा टस्कनीतल्या गायोले इन किआन्ती या गावाचा. जानकार्लो ब्रोची यांनी १९९७ मध्ये तिथे ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची सफर सुरू केली. उद्देश जुन्या शर्यतींची आठवण जपण्याइतकाच तिथल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर डांबर पडू नये हाही होता. नियम ठाम: सायकल १९८७ पूर्वीची, गिअरच्या कांड्या डाउनट्यूबवर, पायडलला पट्टे, ब्रेकच्या केबल हँडलच्या टेपबाहेर. या नियमांनी छंदाला मोजपट्टी दिली. पुढे जपान, ब्रिटन आणि कॅलिफोर्नियातही अशा सफरी सुरू झाल्या, आणि त्याच पांढऱ्या रस्त्यांवर २००७ पासून व्यावसायिक सायकलपटूंची स्त्रादे बियांके ही शर्यतही होऊ लागली.

आपल्याकडे हा छंद थोडा आहे, कारण मुळात अशा सायकलीच थोड्या होत्या. आयातीवर बंधनं, आणि कारखाने बनवत होते ती घरची काळी सायकल. धागा मात्र जोडलेला आहे. रेनॉल्ड्स कंपनी १९२८ पासून इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सकडे होती, रॅले ही इंग्लिश सायकल कंपनी १९६० मध्ये तिच्याकडे आली, आणि १९४९ मध्ये याच कंपनीच्या भागीदारीत मद्रासला टीआय सायकल्स उभी राहिली. १९८० साली डच सायकलपटू योप झूटेमेल्क ज्या टीआय-रॅले संघातून टूर जिंकले त्यातलं ‘टीआय’ आणि आपल्या हर्क्युलिस-बीएसएमागचं ‘टीआय’ एकच. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणायचे. त्या पिढीच्या रेसिंग फ्रेम अजून माळ्यांवर असतील तर त्या भंगारवाल्याला देऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुण्यात कर्वेनगरला जुन्या सायकलींचं विक्रम पेंडसे संग्रहालय आहे, ते बघून यावं.

आणखी एक विनंती रंगाबाबत. घरी आणलेली जुनी सायकल लगेच पावडर कोटिंगला टाकण्याची घाई अनेकांना होते. मूळ रंग, लगच्या कडेने हाताने ओढलेली रेघ, नळीचं स्टिकर हे सगळं त्यात जातं आणि फ्रेम कोणाच्या हातची हे सांगणारा पुरावाच उरत नाही. गंज वरवरचा असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने निघतो. दोन हजारच्या दशकात बिनगिअरच्या सायकलींची फॅशन आली तेव्हा कित्येकांनी फ्रेमवरचे केबलचे टेकू आणि गिअरचा कान करवतीने कापून टाकले. त्या फ्रेम बघून आजही वाईट वाटतं.

याउलट काही बदल फ्रेमला न दुखवता होतात. सत्तावीस इंची रिमच्या जागी आजच्या ७०० सी मापाची रिम घातली की रिमचा व्यास ६३० वरून ६२२ मिलीमीटर होतो, म्हणजे ब्रेकचे रबर फक्त चार मिलीमीटर खाली सरकवायचे. मागच्या चाकासाठीची फ्रेममधली रुंदी १२६ मिलीमीटरची असेल तर पोलाद थंडच वाकवून ती १३० करता येते, मग आजचं चाक बसतं. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग कोणी करू नये. फ्रेंच बीबीसाठी अमेरिकेतली फिल वूड कंपनी अजून त्या आट्यांच्या रिंगा विकते. आटेच झिजले असतील तर आट्यांविना आतून आवळून बसणारी बीबीही मिळते. रिंगा मागवण्यापूर्वी उजवा कप कोणत्या दिशेने सुटतो ते आधी बघून ठेवावं, कारण फ्रेंच आणि स्विस रिंगांचं माप एकच असतं.