भाड्याच्या घराचे लाईटबिल भरण्याआधी मीटर बघा

(परदेशी भाडेकरू ठेवणारे घरमालक आणि बाहेरून बेळगावात राहायला आलेली मंडळी, दोघांसाठी)

सप्रेम नमस्कार.

आमचे दुकान लोकांची बिले भरून देण्याचे, अर्ज लिहून देण्याचे. आमचे बरेच ग्राहक नेहरूनगर, सदाशिवनगर, हनुमाननगर, टिळकवाडी भागातले घरमालक आहेत. कुणाकडे मेडिकलला आलेली मलेशियाची मुले, कुणाकडे चंदगड-गडहिंग्लजहून नोकरीला आलेले कुटुंब. भाडेकरू वेगवेगळे, पण दुकानात येऊन सगळे एकच सांगतात, "बिल भरलंय की! मोबाईलमध्ये दिसतंय. तरी लाईनमन फ्यूज काढून गेला." बिल भरलेले असते हे खरेच. फक्त ते दुसऱ्याच मीटरचे असते.

बेळगावातली घरे कशी वाढली ते आपल्याला माहीत आहे. आधी खालचे घर, मग मुलाच्या लग्नाच्या वेळी वरचा मजला, मग मागे दोन खोल्या. जिन्याखाली तीन-चार मीटर एका फळीवर बसवलेले, आणि बिले सगळी मालकाच्या किंवा मालकाच्या वडिलांच्या नावावर. भाडेकरू राहायला येतो तेव्हा मालक हाताला लागेल ते जुने बिल देतात, भाडेकरू त्यावरचा नंबर ॲपमध्ये टाकतो. ॲपमध्ये नाव मालकाचेच येते, म्हणून कुणालाच शंका येत नाही.

2023 च्या जुलैपासून गृहज्योती (कर्नाटक सरकारची वीजबिल माफीची योजना) आली आणि हा घोळ आणखी लपला. पूर्वी चुकीचे बिल भरले तर निदान पैसे तरी जायचे, माणूस आकडा बघून विचारायचा. आता खालच्या मजल्याचे बिल शून्य असते. वरचा भाडेकरू तोच नंबर टाकतो, ॲप सांगते की काही बाकी नाही, आणि तो निश्चिंत होतो. वरच्या मीटरची थकबाकी मात्र महिन्यामागून महिना चढत राहते. हेस्कॉमची (आपल्याकडची वीज कंपनी) बिलाची छापील पट्टी मीटरच्या खोबणीत खोचलेली असते. ती वाऱ्याने उडते, नाहीतर खालचे आजोबा जपून कपाटात ठेवतात.

यावर उपाय साधा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. मीटरच्या अंगावर त्याचा नंबर कोरलेला किंवा छापलेला असतो, तोच बिलावरही असतो. दोन्ही जुळले की मगच त्या बिलावरचा अकाउंट आयडी खरा धरायचा. आरआर नंबर (वीजजोडणीचा नोंदणी क्रमांक) वेगळा, अकाउंट आयडी वेगळा. ॲपला अकाउंट आयडी लागतो. बिल कन्नडमध्ये असते, पण आकडे सगळ्यांना वाचता येतात, परदेशी मुलांनाही.

कुठला मीटर कुठल्या मजल्याचा हेच माहीत नसेल तर आधी तेवढे करा: भाड्याच्या घरात दोन पंखे आणि गिझर लावा. मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकू लागेल. मग त्या घराचा मेन स्विच बंद करा. ज्या मीटरचा दिवा थांबला तो तुमचा. मेन बंद करूनही एकही दिवा थांबला नाही, किंवा दोन मीटरचे थांबले, तर वायरिंगमध्ये गुंता आहे. भाडे ठरवण्याआधी वायरमनला बोलवा.

ॲपमध्ये कंपनी निवडतानाही जरा थांबा. कर्नाटकात वीज कंपन्या पाच आहेत. बेंगळुरूची बेस्कॉम यादीत वर येते म्हणून ती दाबू नका, बेळगावला हेस्कॉम. कोल्हापूरकडून आलेल्यांच्या मोबाईलमध्ये महावितरणचा ग्राहक क्रमांक आधीपासून साठवलेला असतो आणि बोट सवयीने तिकडेच जाते. चुकीच्या खात्यात गेलेले पैसे ॲप परत देत नाही. ते त्या खात्यात जमा राहतात, आणि वळवून घ्यायचे तर पावतीसह हेस्कॉमच्या ऑफिसात अर्ज द्यावा लागतो. हे अर्ज आम्ही लिहून देतो, पण खरे सांगायचे तर आम्हाला ते लिहायची वेळ येऊ नये.

म्हणूनच आमच्याकडे पहिल्यांदा बिल भरताना आम्ही मीटरचा फोटो मागतो. यावर लोक चिडतात. "नंबर व्हॉट्सॲपवर पाठवलाय, भरून टाका की, एवढी चौकशी कशाला?" नुसत्या नंबरावर आम्ही भरत नाही. पाच मिनिटे वाचवायला गेलेला ग्राहक पुढे दोन सकाळ ऑफिसच्या बाकावर बसतो, आणि बोल आम्हाला लागतो. फोटो एकदाच लागतो. त्यानंतर त्या घराची नोंद आमच्याकडे राहते, भाडेकरू बदलला तरी.

गृहज्योतीबद्दल थोडे, कारण भाडे ठरवताना वाद इथेच होतात. "200 युनिट फुकट" असे सगळे म्हणतात, ते तसे सरसकट नाही. त्या मीटरचा 2022-23 सालचा महिन्याचा सरासरी वापर काढतात आणि त्यावर 10 टक्के वाढवून देतात (कमी वापराच्या मीटरला 2024 पासून टक्क्यांऐवजी 10 युनिट). सरासरी 100 असेल तर 110 युनिट माफ. 120 जाळले तर वरच्या 10 चे पैसे. 200 च्या पुढे गेले की पूर्ण बिल. म्हणजे त्या वर्षी घर कमी वापरात असेल तर आजच्या भाडेकरूलाही सवलत कमीच मिळणार. यात मालकाची लबाडी नाही. परदेशी मुले एसी लावतात, मे महिन्यात 200 सहज ओलांडते. तेव्हा ॲग्रीमेंटमध्ये "लाईट फुकट" असे कधीही लिहू नका. "येईल ते बिल भाडेकरू भरेल" एवढेच पुरे.

आणखी एक. योजना मीटरला भाडेकरूच्या आधारने जोडलेली असेल, तर तो घर सोडण्याआधी सेवासिंधूवर (राज्य सरकारच्या पोर्टलवर) डी-लिंक करून, म्हणजे त्याचे आधार सोडवून घ्या. ओटीपी त्याच्याच मोबाईलवर जातो. माणूस पुण्याला गेला, सिम बदलले, की मग त्याला फोन करत बसा. डिपॉझिट परत देण्याच्या दिवशीच हे काम उरकावे. आम्ही करून देतो, पण माणूस समोर बसलेला हवा. फोनवर ओटीपी विचारून आम्ही कुणाचेही काम करत नाही, ओळखीच्यांचेही नाही.

परदेशी भाडेकरूला वीज स्वतःच्या नावावर घ्यायची गरज नसते, मालकाच्या नावावरचीच चालते. पण बरोबर मीटरचे ताजे बिल त्याला आणखी एका कामी येते. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना 14 दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते, आणि तिथे पत्त्यासाठी भाडेकरार किंवा लाईटबिल चालते. करार वरच्या मजल्याचा आणि बिल मागच्या खोल्यांचे, असे कागद दिलेत तर प्रश्न विचारले जाणारच. मालकांनी आपल्या बाजूने परदेशी माणूस राहायला आल्याचे 24 तासांत ऑनलाइन कळवायचे असते. फॉर्म-सी म्हणून जो सगळ्यांना माहीत आहे तो. "ओळखीचा मुलगा आहे, राहू दे" असे म्हणून हे टाळू नका.

पैसे भरण्याचे म्हणाल तर यूपीआयला सहसा भारतीय बँकेतले खाते लागते. परदेशी मुले इथे एनआरओ (अनिवासी लोकांसाठीचे) खाते उघडतात, पण ते होईपर्यंत रोख हाच सोपा मार्ग. हेस्कॉमचा काउंटर आहे, बेळगाव वन हे सरकारी सेवा केंद्र आहे, आम्हीही आहोत. पावती मागून घ्या आणि मालकाला तिचा फोटो पाठवा, महिनाअखेरची भांडणे टळतात. सुट्टीला दोन महिने गावी जाणार असाल तर गृहज्योती नसलेल्या मीटरला घर बंद असले तरी स्थिर आकार लागतच राहतो, हे जाण्याआधी लक्षात घ्या.

गॅसचे आम्हाला फार विचारतात. 14.2 किलोच्या घरगुती कनेक्शनसाठी पत्त्याचा पुरावा लागतो. तो हातात येईपर्यंत 5 किलोची छोटी टाकी घ्यावी. ती ओळखपत्रावर मिळते, इंडियन ऑइलवाले तिला छोटू म्हणतात. दोन-तीन मुलांच्या मॅगी-भाताला पुरते. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी मात्र टाकी टेम्पोत घालून आणू नये. तिकडच्या एजन्सीत टाकी आणि रेग्युलेटर जमा करा, डिपॉझिट परत घ्या, ट्रान्सफर व्हाउचर घेऊन या आणि इथे नवीन डिपॉझिट भरा. शेगडी तुमचीच राहते.

पाणी शहरात राकसकोप आणि हिडकल जलाशयांचे. बिल मालकाच्या नावावर येते आणि ते मालकानेच भरावे असे आमचे मत आहे, भाड्यात धरून. हिंडलगा, कंग्राळीकडे ग्रामपंचायतीची पट्टी वेगळी. टँकर लागला तर कोण देणार हे आधी बोलून घ्या.

"आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर फोन करू नका आणि भाडेकरूंनाही सांगून ठेवा. नवीन आलेला माणूस घाबरून पैसे पाठवतो. शंका असेल तर 1912 वर विचारा, नाहीतर मेसेज आम्हाला आणून दाखवा. बघायचे पैसे घेत नाही.

ज्यांची दोनपेक्षा जास्त घरे भाड्याने आहेत त्यांच्यासाठी आम्ही मीटरवार फाईल ठेवतो. बिल आले की मालक आणि भाडेकरू दोघांनाही मेसेज जातो, थकले तर पुन्हा जातो. दर काउंटरवर लावलेले आहेत. पहिल्यांदा येताना ताजे बिल, मीटरचा नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो आणि भाडेकराराची झेरॉक्स आणा. परदेशी भाडेकरू असेल तर पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची झेरॉक्सही. रविवारी दुकान बंद. इतर दिवशी दुपारी दीड ते साडेतीन जेवणाची सुट्टी असते, त्या वेळात शटर वाजवू नये.