भंगाराच्या दारातून परतलेली इंजिनं : नागपूरच्या छोट्या लाइनची पार्श्वभूमी

जुनं वाफेचं इंजिन भंगारातून वाचवायची गोष्ट नागपुरात निघाली, की ती कडबी चौकाजवळच्या मोतीबागेत येऊन थांबते. तिथलं नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या लाइनचं, रेल्वे संग्रहालय १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झालं. तेव्हा हा भाग दक्षिण पूर्व रेल्वेकडे होता. दक्षिण पूर्व मध्य रेल्वे हा वेगळा झोन त्यानंतर काही महिन्यांनी, २००३ मध्ये झाला. सुटीच्या दिवशी पोरं तिथल्या इंजिनांवर चढतात, आईबाप फोटो काढतात. पण देशभर हजारो वाफेची इंजिनं गॅस कटरखाली तुकडे तुकडे झाली, मग ही थोडी का उरली, हे तिथे उभं राहून लक्षात येत नाही. त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

माझ्या मते त्याचं कारण एकच आहे, उशीर. जिथे इंजिनं वाचली तिथे कुणीतरी कुठेतरी उशीर केला होता. विदर्भात तो उशीर छोट्या लाइनच्या वाट्याला आला.

भुसावळकडून येणारी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. नागपुरातून छत्तीसगडकडे जाणारी पहिली लाइन मीटरगेज, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेली होती. ती राजनांदगावपर्यंत होती आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला चालू झाली. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने ही लाइन ताब्यात घेतली आणि ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची मोठी लाइन केली. बीएनआर म्हणजे हीच कंपनी. तिचा मुख्य रस्ता कलकत्त्याचा, आणि कंपनीचं लक्षही तिकडेच. सातपुड्याच्या पोटात शिरायचं तर ब्रॉडगेज परवडणार नव्हती. घाट, नाले, जंगल, मधे मधे छोटी गावं, आणि वाहतूक इतकी नाही की मोठ्या लाइनचा खर्च भरून निघावा.

उपाय महाराष्ट्रातच सिद्ध झालेला होता. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने तिथे दाखवून दिलं की अडीच फुटांच्या, म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या रुळांवरही दमदार गाड्या चालतात, फक्त प्रत्येक आसावरचा भार नीट वाटून द्यायला हवा. बीएनआरने सातपुड्यासाठी हेच माप घेतलं. १९०३ मध्ये गोंदिया ते नैनपूर, पुढच्या वर्षी छिंदवाडा, १९०५ मध्ये जबलपूर. नागपूरहून नागभीडची लाइन १९०८ ची. इतवारीहून सावनेर, सौंसर, रामाकोना, भीमालगोंदी, उमरानाला करत घाट चढून छिंदवाड्याला जाणारी लाइन १९१३ च्या सुमारास पूर्ण झाली. सगळं मिळून हे जाळं हजार किलोमीटरच्या आसपास गेलं. एवढं मोठं नॅरोगेज जाळं एका हाताखाली देशात दुसरीकडे नव्हतं.

या लाइनवर जी इंजिनं आली त्यांतली सर्वांत देखणी सीसी वर्गाची. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने ती १९०७ च्या सुमारास बांधली. पुढे चार छोटी चाकं, मधे सहा मोठी, मागे दोन, अशी मांडणी. त्या काळात ही मांडणी मोठ्या लाइनच्या मेलगाड्यांची समजली जायची, आणि इथे ती कमरेएवढ्या उंचीच्या प्लॅटफॉर्मचीही चैन नसलेल्या स्टेशनांतून धावत होती. ज्या कारखान्याने ती बनवली तो १९६२ मध्ये बंद पडला. त्याची इंजिनं मात्र सातपुड्यात तेव्हाही कामावर होती.

आता उशिराची गोष्ट. चित्तरंजनच्या कारखान्याने १९५० पासून वाफेची इंजिनं बांधली आणि ब्रॉडगेजचं शेवटचं इंजिन १९७० मध्ये बाहेर काढलं. त्याचं नाव ‘अंतिम सितारा’. मीटरगेजचं शेवटचं १९७२ मध्ये निघालं. त्यानंतर चित्तरंजनला नवं वाफेचं इंजिन बांधलं गेलं नाही. डिझेल आणि वीज मुख्य मार्गांवर आधी गेली, कारण पैसा तिथेच वसूल व्हायचा. नागपूरच्या बाबतीत बोलायचं तर अजनीत १९९० मध्ये विजेच्या इंजिनांची शेड उभी राहिली. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही रस्ते नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे काळा धूर मोठ्या स्टेशनातून लवकर गेला. इतवारीच्या छोट्या लाइनकडे मात्र कुणाला घाई नव्हती. नव्या इंजिनांचा पहिला मान तिला कधी मिळाला नाही, म्हणून आजोबांच्या काळातली इंजिनं दुरुस्त करत करत चालवली गेली. ज्या दुर्लक्षाबद्दल प्रवासी आयुष्यभर बोटं मोडत राहिले, त्याच दुर्लक्षाने ही यंत्रं वाचवली.

दुरुस्त करत करत हे शब्द मोतीबागेसाठी अगदी नेमके आहेत. इथला कारखाना १८७९ चा, म्हणजे बीएनआरच्याही आधीचा. सुटा भाग ग्लासगोहून मागवणं बंद झालं तेव्हा तो इथेच ओतला, इथेच कातला. इंजिनाचं वय वाढत गेलं तसे त्यातले मूळचे भाग कमी होत गेले आणि नागपूरच्या हातांनी घडवलेले वाढत गेले. मालक बदलत राहिले. १९४४ मध्ये बीएनआर सरकारने घेतली, १९५२ मध्ये पूर्व रेल्वे आली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे. टेंडरवरची, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावरची, अक्षरं पुसून नवी रंगवली गेली. इंजिन तेच राहिलं.

मग ते काम संपतं. शेवटचा प्रवास झाला की इंजिन लगेच भंगारात जात नाही. आधी ते शेडच्या मागच्या रुळावर ढकललं जातं. तिथे ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं उभं राहतं. कागदावर ‘कंडम’ लिहिलं जातं, भांडार विभाग त्याला लॉट क्रमांक देतो, लिलाव होतो, आणि बोली लागलेला व्यापारी गॅस कटर घेऊन येतो. इंजिनाचं सर्वांत मोठं नुकसान बहुतेक वेळा या आधीच्या मधल्या काळात होतं. शिटी जाते. दाबमापक जातो. पितळेची क्रमांकपाटी, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर, बेअरिंगमधली पितळेची कवचं, सगळं एकेक करून नाहीसं होतं. जुन्या ब्रिटिश इंजिनांत फायरबॉक्सची, म्हणजे कोळसा जळतो त्या भट्टीची, आतली पेटी बहुधा तांब्याची असे, आणि तांब्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट. त्यामुळे आतून पोखरलेलं इंजिन बाहेरून धडधाकट दिसू शकतं.

चोर आला नाही तरी पाऊस येतोच. स्मोकबॉक्स म्हणजे इंजिनाच्या तोंडाकडची गोल पेटी, चिमणीच्या खालची. चालत्या दिवसांत तिच्या तळाशी कोळशाची राख साठते. आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर. शेवटच्या फेरीनंतर ती काढली नाही आणि चिमणीवर झाकण ठेवलं नाही, तर पावसाचं पाणी थेट त्या राखेत मुरतं. राखेतल्या गंधकामुळे ते पाणी आम्ल होतं. एक-दोन पावसाळ्यांत तळाचा पत्रा पापुद्र्यांनी सुटायला लागतो. हातोडीने ठोकलं तर खणखणीत आवाज यायला हवा, तो बद्द येतो, आणि कधी हातोडी आरपार जाते. चिमणीवर एक पत्र्याचा तुकडा टाकायला पाच मिनिटं लागतात. इंजिन पुढेमागे जिवंत होईल की नुसतं रंगवून उभं राहील, हे पुष्कळदा त्या पाच मिनिटांत ठरतं. शेडमधल्या ज्या कुणी माणसांनी कुणी न सांगता ते काम केलं, त्यांचे उपकार मोठे आहेत.

जगात इंजिनं वाचवायच्या चळवळीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण वेल्समधल्या बॅरी गावच्या भंगार यार्डाचं. ब्रिटिश रेल्वेने काढून टाकलेली २९७ इंजिनं तिथल्या वुडहॅम बंधूंनी विकत घेतली. पण यार्डाने आधी मालडबे तोडायला घेतले, कारण ते सोपं होतं आणि त्यांचा पुरवठा अखंड चालू होता. इंजिनं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात रांगेने उभी राहिली. तोवर शौकीन मंडळी जमली, वर्गण्या गोळा झाल्या, आणि १९६८ पासून एकेक इंजिन विकत घेऊन बाहेर काढलं जाऊ लागलं. १९९० पर्यंत २१३ इंजिनं वाचली. तिथेही उशीरच कामाला आला, फक्त तो भंगार यार्डात झाला. आपल्याकडे तो चालत्या लाइनवर झाला.

हा फरक महत्त्वाचा आहे. आपल्याकडे इंजिनं सरकारची. चार मित्रांनी वर्गणी काढून एखादं इंजिन विकत घ्यावं, स्वतःच्या खर्चाने बॉयलर बसवावा आणि रविवारी चालवावं, असा रस्ता इथे तयारच झाला नाही. इथे इंजिन वाचतं ते आतल्या माणसाच्या शब्दाने. कुणी अधिकारी लिलावाच्या यादीतून एक क्रमांक खोडतो, कुणी फोरमन ते इंजिन आतल्या रुळावर सरकवतो. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये उघडलं, त्यामागे मायकेल सॅटो या इंग्रज जाणकाराची कित्येक वर्षांची भटकंती होती. १९६२ मध्ये त्यांना पतियाळाच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आवारात एका विस्मृत मोनोरेलचे अवशेष सापडले. ती १९२७ मध्येच बंद पडली होती, म्हणजे पस्तीस वर्षं ते लोखंड तिथे पडून होतं. अमृतसरच्या कारखान्याने त्यातलं एक इंजिन पुन्हा चालतं केलं.

पुन्हा चालतं करणं हे फार वेगळं काम आहे, आणि आपल्या कारखान्यांना ते जमतं. १८५५ चं ‘फेअरी क्वीन’ १९०९ मध्ये निवृत्त झालं, आधी हावड्याला आणि मग चंदौसीच्या प्रशिक्षण शाळेत शोभेचं म्हणून उभं होतं. पेरांबूरच्या कारखान्याने ते नीट केलं आणि १९९७ पासून ते दिल्ली-अलवर धावलं. बीएनआरच्या घराण्यातलं उदाहरण हवं असेल तर खडगपूरचं आहे. या कंपनीने मँचेस्टरच्या बेयर पीकॉककडून गॅरट पद्धतीची प्रचंड इंजिनं घेतली होती, मधे एक बॉयलर आणि दोन्ही टोकांना मिळून सोळा चालती चाकं. त्यांतलं एन ८१५ हे इंजिन खडगपूर कारखान्याने २००६ मध्ये पुन्हा वाफेवर आणलं.

त्यासाठी काय करावं लागतं? बॉयलरच्या सगळ्या नळ्या काढायच्या. आतून पत्र्याची जाडी ठिकठिकाणी मोजायची. फायरबॉक्सच्या दोन भिंती एकमेकींना धरून ठेवणारे शेकडो स्टे असतात, ते एकेक ठोकून पाहायचे, कारण तुटलेल्या स्टेचा आवाज वेगळा येतो आणि तो ओळखणारा कान पुस्तकातून तयार होत नाही. मग बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून नेहमीपेक्षा जास्त दाब द्यायचा. पाणीच, कारण काही फुटलं तर ते नुसतं गळतं. वाफ असती तर स्फोट झाला असता. जुन्या बॉयलरवरचं वेष्टन अनेकदा ॲस्बेस्टॉसचं असतं, तेही जपून उतरवायचं.

विदर्भातली दुसरी छोटी लाइन या सगळ्यात विसरू नये. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेल्या झेडडी वर्गाच्या इंजिनावर सत्तर वर्षं चालली. १५ एप्रिल १९९४ रोजी तिथे डिझेल लागलं. पुढच्याच वर्षी, ६ डिसेंबर १९९५ रोजी देशातल्या ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नियमित फेरी जालंधर-फिरोजपूर मार्गावर झाली. यवतमाळची छोटी लाइन आणि पंजाबची मोठी लाइन यांच्यात दोन वर्षांचंही अंतर उरलं नव्हतं.

मोतीबागेच्या लाइननेही आपला शेवट पाहिला. १९९२ मध्ये देशभर एकच गेज करायचा कार्यक्रम आला आणि नॅरोगेजचे दिवस मोजायला लागले. जबलपूर आणि छिंदवाड्याच्या छोट्या लाइन २०१५ मध्ये बंद झाल्या. नागभीडची गाडी, नागपुरातून सुटणारी शेवटची नॅरोगेज, नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. त्या लाइनवरच्या उमरेडकडच्या लोकांना ब्रॉडगेज हवी होती आणि ती मिळायलाच हवी, त्यात वाद नाही. मला काळजी आहे ती वाफेनंतर आलेल्या डिझेल इंजिनांची. चित्तरंजनला बांधलेली झेडडीएम-४ए इंजिनं या लाइनवर दीर्घकाळ राबली. त्यांच्याबद्दल कुणाला ओढ वाटत नाही, कारण ती धूर सोडत झुकझुक करत नव्हती आणि आपल्या सगळ्यांच्या आठवणीत ती अगदी कालची आहेत. सीसी वर्गाची इंजिनंही १९५० मध्ये कुणाला जपावीशी वाटली नसतील. या डिझेलच्या बाबतीत उशिराचा आधार नाही, कारण ज्या रुळांवर ती रखडत टिकली असती ते रूळच उखडले गेले आहेत. एखादं तरी इंजिन, त्याचे दोन डबे, त्याचे नकाशे आणि ते दुरुस्त करणाऱ्या फिटर मंडळींची ध्वनिमुद्रित माहिती, हे सगळं मोतीबागेत एकत्र ठेवायचं असेल तर ते आत्ताच करावं लागेल. ही मंडळी अजून नागपुरातच राहतात.